कंबरेचा रुमाल सोडला

मार्चच्या पहिल्या सोमवारी जळगावच्या फिजिओथेरपिस्ट बाईंसमोर मी, बायको आणि असोद्याहून आलेले माझे थोरले भाऊ बसलो होतो. पाठ धरली होती आणि ऑपरेशनची मला धास्ती होती. केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांसारखा कंबरेला रुमाल आवळ, असं भाऊंनी सांगितल्यापासून मी महिनाभर वाकलोच नव्हतो. बाईंनी रुमाल सोडवला, माझाच हात माझ्या पाठीवर ठेवून सावकाश वाकायला सांगितलं. निम्म्यावर पाठ हाताला दगडासारखी लागली. पूर्ण वाकल्यावर आपोआप सैल पडली. मागे झुकलो, तेव्हा पोट घट्ट झालं.

"पूर्ण वाकल्यावर पाठ सैल पडते, म्हणजे स्नायू नीट चालतात; न वाकल्यानं नुसते आखडलेत. ऑपरेशन नको, रोज वाका," बाई म्हणाल्या.

"काहून रे भो, उगाच नवरदेवासारखा ताठ हिंडला!" भाऊ हसले.

"सल्ला कोणाचा होता?" मी विचारलं.

बाईंची तीनशे रुपये फी भाऊंनीच दिली.