निळ्या पायाची धाकटी

माझ्या धाकट्या मुलीला मी एकदा पार निळी करून दवाखान्यात नेली होती. मुद्दाम नाही. मुद्दाम केलेली कामं माझ्याकडून इतकी चोख होत नाहीत.

आमच्या मुली जुळ्या, साडेसातव्या महिन्यातच आलेल्या. थोरली सव्वा किलोची, धाकटी जेमतेम किलोभर. मी पिंपरी पेंढारचा शेतकरी माणूस. तेवढा फ्लॉवरचा गड्डा ओतूरच्या बाजारात न्यायलासुद्धा मी लाजतो! आणि इथे तेवढ्या जिवाला आपलं नाव लावायचं होतं. चाळीस दिवस दोघी तालुक्यातल्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होत्या. पहिल्या पेटीत थोरली, दुसऱ्या पेटीत धाकटी. मी बाहेर उभा राहून भीमाशंकराला नवस बोलत होतो. पहिल्या आठवड्यातच पाच झाले. मग माझी बायको सुनंदा म्हणाली, "अहो, थांबा आता. फेडायचे कोणी?"

एके दिवशी तिथल्या सिस्टरबाई मला आत बोलावून म्हणाल्या, "भाऊ, शर्ट काढा."

"मला काय झालंय?"

"तुम्हाला काही नाही. धाकटीला छातीशी धरून बसायचंय. बाळाला उघड्या अंगाची ऊब लागते."

मी बसलो. तिला माझ्या छातीवर ठेवली आणि मी दीड तास हललो नाही. नाकाला खाज सुटली, कंबर धरली, डाव्या पायाला मुंग्या आल्या, पण तिचा श्वास माझ्या छातीला जाणवत होता आणि मला रडू येत होतं. काचेबाहेर माझे वडील, आबा, उभे होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आबांनी आजही वीसेक ठेवलीत. दीड तासाने मी बाहेर आलो तर आबा सिस्टरबाईंना सांगत होते, "आमी अशक्त कोकराला घोंगडीत असंच धरीत व्हतो. एवढ्यासाठी दवाखाना कशाला?"

"आबा, तुमचं अगदी बरोबर आहे," सिस्टरबाई म्हणाल्या. "फक्त आधी हात धुवायचे."

त्या दिवसापासून आबा स्वतःला दवाखान्याच्या नोकरीत समजायला लागले.

चाळीस दिवसांनी मुलींना सोडलं. निघताना डॉक्टर मॅडमनी बजावलं, "दोन-दोन तासांनी दूध. हे औषधाचे जास्तीचे थेंब फक्त धाकटीला. आठ दिवसांनी वजन करू. धाकटीचं वजन वाढलं नाही, तर तिला परत पेटीत ठेवावं लागेल." हे शेवटचं वाक्य ऐकून सुनंदाने माझा दंड असा काही धरला की तो दोन दिवस दुखत होता.

घरी आलो. ओवाळणं झालं. मुलींच्या मनगटांवर दवाखान्याच्या पट्ट्या होत्या, थोरलीच्या एक नंबरची, धाकटीच्या दोन नंबरची. मला एकदम भरून आलं. म्हटलं, आता हे घर आहे, इथे नंबर कशाला! द्राक्षाची कात्री घेतली (उकळून घेतली हो, एवढी अक्कल होती) आणि दोन्ही पट्ट्या कापून टाकल्या. मग स्वतःच्या हाताने दोघींचं अंग पुसलं, दोघींना एकाच पातळाच्या दोन तुकड्यांत गुंडाळलं आणि शेजारी शेजारी ठेवलं.

सुनंदा थेंबांची बाटली घेऊन आली. "धाकटी कोणती?"

मी बघितलं. दोन नाकं. चार मिटलेले डोळे. दोन्ही चेहऱ्यांवर माझ्याविषयी सारखीच नापसंती!

"ही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नाहीतर ही."

सुनंदाने जे तोंड सोडलं ते इथे लिहिता येत नाही. तिचंही खरंच होतं. चाळीस दिवस तिने मुलींना पेटीवरून ओळखलं होतं आणि आता पेट्याच नव्हत्या. चुकून थोरलीलाच थेंब गेले आणि धाकटी तशीच राहिली तर? गंमत तिथेच संपली. मी खाली बसलो आणि खरोखर घाबरलो.

एवढ्यात आबा आले. त्यांनी हात धुतले (दोनदा, नोकरीच होती ना!), दोघींना दोन तळहातांवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "डाव्या हातातली हलकी. हीच धाकटी."

"आबा, कशावरून?"

"कशावरून म्हंजी? जल्मभर कोकरं उचलली मी. पावशेराचा फरक कळत न्हाई व्हय मला?" मग माझ्याकडे वळून, "अन्‌ दत्त्या, खूण केल्याबिगर कोण कळपात सोडतं का रं?"

मेंढरांच्या पाठीवर लावायचा रंग तिखट असतो, म्हणून आबांनी कपड्यांची नीळ घेतली आणि धाकटीच्या डाव्या पायाच्या तळव्यावर बोटाने छान ठिपका दिला. अंग पुसलं की पुन्हा ठिपका. आठ दिवस ठिपका बघून थेंब, ठिपका बघून दूध. घरात कुणीही विचारत नव्हतं, की आबाच चुकले असतील तर? विचारायची छातीच नव्हती.

नवव्या दिवशी जीप ठरवली. निघताना आबांनी ठिपक्याचा पार गिलावाच केला.

"आबा, एवढी कशाला?"

"दवाखान्यात दुसऱ्यांची बी पोरं असत्यात. लई गर्दी. कळपात कळप मिसळला म्हंजी?"

धाकटी माझ्या मांडीवर होती. वाटेत तिने लंगोट भिजवला, मोजा भिजवला, आणि ती नीळ सुटली. मी चाचपून बघितलं, मोजा ओला. तोच हात पुसला न पुसला, आणि त्याच बोटांनी तिच्या ओठांवर आलेलं दूध टिपलं. शालीत अंधार, मला काय दिसतंय! वर वजनाच्या काळजीने मी वाटभर बोटं चावत होतो.

दवाखान्यात सिस्टरबाईंनी हसतमुखाने शाल उघडली आणि किंचाळल्या, "मॅडम! बाळ निळं पडलंय! ओठ निळे! पाय गुडघ्यापर्यंत निळा! ऑक्सिजन आणा!"

क्षणात चार माणसं धावली. मॅडम आल्या. कोणी नळी आणली, कोणी यंत्र आणलं. मी ओरडत होतो, "नीळ आहे! नीळ!"

"दिसतंय निळं! बाजूला व्हा!" सिस्टरबाई म्हणाल्या, आणि माझं तोंड बघून थबकल्या. "मॅडम, वडीलपण निळे आहेत!"

"तुम्हाला श्वास लागतोय का?" मॅडमनी मला विचारलं.

"मला नाही! म्हणजे आता लागतोय!"

तेवढ्यात धाकटीने जी काही आरोळी ठोकली, तिने सगळा दवाखाना गप्प झाला. मॅडमनी ओला कापूस ओठांवरून फिरवला. कापूस निळा, ओठ गुलाबी. मॅडमनी आधी कापसाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग शांतपणे विचारलं, "हे कोणी केलं?"

"खूण केली," आबा अभिमानाने पुढे झाले. "ह्यानं पट्ट्या कापल्या व्हत्या."

मग जे ऐकावं लागलं ते मी मान खाली घालून ऐकलं. तळव्याला नीळ लावायची नाही, पट्ट्या कापायच्या नाहीत, आणि हात धुण्याचा नियम बापालाही आहे. पण सिस्टरबाईंनी दोघींना निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "आबांचा हात मात्र पक्का. चाळीस दिवस मी या दोघींचं केलंय. धाकटी हीच."

सुनंदाने हुंदका दिला. आबांनी फेटा सारखा केला.

आता वजन. धाकटीला काट्यावर ठेवली. मी हात जोडले, देवाला की काट्याला ते आठवत नाही. आकडा हलत राहिला, थांबला. मॅडमनी कागद बघितला, पुन्हा काटा बघितला.

"दोनशे दहा ग्रॅम वाढलंय. घरी न्या. आता पेटी नको."

सिस्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या बाईंनी माझ्या लेकी चाळीस दिवस स्वतःच्या असल्यासारख्या सांभाळल्या. त्यांचे, मॅडमचे, सगळ्यांचे पाय धरावेत असं वाटलं. मी दोन पावलं पुढे गेलो, "तुमचे उपकार..." एवढं म्हणालो आणि आडवा झालो.

डोळे उघडले तर मी पलंगावर, हाताला सलाईन. आठ दिवसांची झोप नाही, सकाळपासून पोटात काही नाही, वर ही नीळ. मॅडम सुनंदाला सांगत होत्या, "तुम्ही मुलींना घेऊन निघा. त्या ठणठणीत आहेत. यांना मात्र आज ठेवून घेते."