सरळ शिलाईचे अण्णा

बाबांचा फोन आला, "अण्णा गेले गं," आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठे?" बाबांनी नाक ओढलं, तेव्हा मला अर्थ लागला. पण माझंही फार चुकलं असं नाही. अण्णा, म्हणजे माझे मोठे काका, जन्मभर कुठे ना कुठे जातच असायचे. नाशिकहून सुरगाण्याला काळी-पिवळी जीप चालवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. नऊ माणसांच्या जीपमध्ये ते सतरा बसवत, आणि अठरावा टपावर चढायला लागला की त्याला खाली ओढून म्हणत, "वर कशाला? आत लय जागा हाय." त्यांना जाऊन आता दीड महिना होईल. भेटायला येणारे जीपच्याच गोष्टी सांगतात. मला मात्र शिलाई मशीनवर बसलेले अण्णा आठवतात...

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पाठीच्या दुखण्याने त्यांना जीप विकावी लागली. मी तेव्हा कॉलेजात होते. आमची घरं पंचवटीत एकाच बिल्डिंगमध्ये, वर-खाली. पहिल्याच महिन्यात अण्णांनी मंदाकाकूला सळो की पळो करून सोडलं. ती कणीक मळायला बसली की शेजारी उभे राहून "अजून जरा पाणी मार" म्हणायचे. ती भाजीला निघाली की कुठल्या गल्लीतून वळायचं ते सांगायचे. शेवटी एक दिवस काकूने कोपऱ्यातल्या पायमशीनकडे बोट दाखवलं. मशीन तिच्या माहेरहून आलेली, पण तिने ती कधी चालवली नव्हती. वर इस्त्रीचे कपडे ठेवायची. "हे घ्या," ती म्हणाली. "हिला पण पायच लागतात आणि खड्डे बिलकुल नाहीत. हिच्यावर बसा, पण माझ्या ओट्यापाशी येऊ नका."

शिवण अण्णांना अगदीच परकं नव्हतं. जीपची फाटलेली सीट ते स्वतः दाभणाने टाचत. पडद्यांचं उरलेलं कापड घेऊन त्यांनी पहिलं कुशन कव्हर बेतलं. पुढे एक चौकोन, मागे एकावर एक चढणारे दोन तुकडे, पाकिटासारखे, म्हणजे चेनची भानगड नको. सुलट बाजू आत ठेवून चार सरळ शिलाया मारायच्या, उलटवायचं, झालं कव्हर. कोपरे टोकदार यावेत म्हणून ते आतून स्क्रू ड्रायव्हर घालत. कव्हर मात्र कुशनपेक्षा इंचभर लहानच ठेवायचे आणि कुशन आत कोंबताना पुटपुटायचे, "सरका, सरका... बसतंय." त्यामुळे त्यांची कुशनं विटेसारखी टणक होत. टेकलेला पाहुणा आपोआप पुढे सरकून ताठ बसायचा.

हे सगळं दार लावून चालायचं. नाक्यावरच्या ड्रायव्हर मंडळींना कळलं तर मिशी उतरवावी लागेल, असं अण्णांचं म्हणणं. म्हणून ठरलं, की कोणी विचारलं तर कव्हरं काकूने शिवलीत. काकूने हे जरा जास्तच मनावर घेतलं. वास्तुशांत असो की बारसं, ती चार कव्हरं भेट द्यायची आणि "सहज बसल्याबसल्या केली हो" म्हणायची. तोवर ती सगळ्यांसाठी नुसती 'अण्णांची बायको' होती. आता बायका तिला रस्त्यात थांबवून "मंदाताई, ही कापडं कुठून आणता?" असं विचारू लागल्या. ती नवी साडी नेसून भाजीला जायला लागली.

आणि मग महिला मंडळाच्या देशमुखबाईंनी जाहीर करून टाकलं, की यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंदाताई सगळ्यांसमोर कुशन कव्हर शिवून दाखवतील. काकू घरी आली ती पांढरीफटक पडून. अण्णांनी चार दिवस तिला शिकवलं, पण मशीनवर बसली की तिचे पाय एकमेकांशी भांडल्यासारखे चालायचे. अण्णा वैतागून म्हणाले, "मंदे, जीप शिकवली असती तर एव्हाना तू घाट चढली असतीस!" काकू रडायलाच लागली. "खोटं उघडं पडलं ना, तर मी ह्या कॉलनीत तोंड दाखवणार नाही."

हळदीकुंकवाच्या दिवशी अण्णांनी आणि मी मशीन देवळाच्या सभामंडपात नेऊन ठेवली. बायकांचा कार्यक्रम, म्हणून अण्णा बाहेर चपलांपाशी जाऊन बसले. चाळीसेक बायका पुढे सरसावल्या. काकूने कापड सुईखाली सरकवलं, देवाचं नाव घेतलं आणि पाय मारला. चाक गरकन उलटं फिरलं आणि दोरा तुटला. तिने पुन्हा दोरा ओवून पाय मारला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाहेरून आवाज आला, "अगं रिव्हर्स पडतोय!" आणि पाठोपाठ अण्णाच आत. "मशीन बिघडली असंल. बघतो," असं म्हणत त्यांनी काकूला उठवलं आणि बसले. चेक करतो म्हणून एक शिलाई मारली. ताण बघतो म्हणून दुसरी. मग हात थांबेचनात. तिसरी, चौथी... कोपरे छाटून त्यांनी कव्हर उलटवलं आणि खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, तेव्हा देशमुखबाई म्हणाल्या, "अहो अण्णा, हे तर अख्खं कव्हर झालं."

अण्णांचे कान लालबुंद. ते काहीतरी थाप मारणार, एवढ्यात काकूच बोलली, "सगळी त्यांनीच शिवलीत. पहिल्यापासून. मी नुसती मिरवली." तिची मान वर होती. क्षणभराने मागून कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळा मंडप हसायला लागला. मी काकूचा हात धरला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या जोशी आजी चिडून म्हणाल्या, "हसताय काय? मागचे तुकडे कसे लावले ते मला दिसलंच नाही. परत दाखवा!" अण्णांनी परत दाखवलं. तासाभराने बायका एकेक करून मशीनवर बसत होत्या आणि ते भोवती फिरत ओरडत होते, "ताई, वळणावर स्पीड कमी करा! सुई खाली ठेवून कापड वळवा!" वाणाच्या वाट्या वाटताना देशमुखबाईंनी एक त्यांच्याही हातात ठेवली.

बातमी चार दिवसांत नाक्यावर पोचली. त्यांचे जुने जोडीदार थट्टा करायला घरी आले, चहा प्याले आणि जाताना एकजण हळूच म्हणाला, "अण्णा, माझी सीट पण लय टोचती राव." पुढची दहा वर्षं सुरगाणा रस्त्यावरच्या निम्म्या जीपच्या ड्रायव्हरांच्या पाठीमागे अण्णांचं कुशन होतं. काकूलाही कॉलनीत मंदाताईच म्हणत राहिले. कापड निवडायचं तिने आणि शिवायचं अण्णांनी, अशी उघड वाटणी झाली होती.

परवा नाशिकला गेले होते. सकाळचा चहा झाल्यावर काकू उठली, मशीनवरचं फडकं काढलं, चष्मा लावला आणि सुईत दोरा ओवू लागली. मी म्हटलं, "काकू, काय शिवतेस?" ती म्हणाली, "काही नाही गं. शेवटची दोन वर्षं त्यांना सुईचं भोक दिसत नव्हतं. मीच ओवून द्यायचे." दोरा ओवून झाल्यावर तिने टोक वीतभर मागे ओढून ठेवलं, म्हणजे पहिल्याच टाक्याला निसटू नये. मग खुर्ची जराशी बाहेर सरकवली आणि कुकर लावायला आत गेली.