खंडेनवमीला पुजलेलं मशीन

झेंडूचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. नवरा मागावर कामाला. झोपेत त्याचा श्वास सारखा थांबतो असं तपासणीत निघालं, म्हणून डॉक्टरांनी रात्री मास्कमधून हवा देणारं मशीन लावायला सांगितलं; एक रात्रही चुकवू नका म्हणाले. तोच खंडेनवमी आली. सासूबाईंनी कात्री, पाना, मागाचा धोटा यांच्या रांगेत तेही मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. रात्री मी ते उचलायला गेले, तर म्हणाल्या, "हात लावू नको. आज हत्याराला विसावा असतो." मास्कला वैतागलेला नवरा लगेच म्हणाला, "आई म्हणती तर ऱ्हाऊ दे की," आणि पडल्या पडल्या घोरायला लागला. घोरणं मधेच थांबलं की मी त्याला हलवायची, श्वास सुरू झाला की पुन्हा कान देऊन बसायची. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "बघ, मशीनबिगर कसा गाढ झोपला माझा लेक." आता नवमीला मी पूजेआधीच मशीन कपाटात घालून कुलूप लावते. त्या रात्रीची गोष्ट मात्र घरात अजून निघते, आणि नवरा आल्यागेल्याला हसत सांगतो, "झोप लई भारी लागली होती, हिनंच हलवून हलवून मोडली."