बोंबल्याची निळी पानं

मागच्या रविवारी माझ्या आठ वर्षांच्या लेकीने मला खोटारडी ठरवलं. तेही एका कुत्र्यावरून…

झालं असं, की लहानपणी मी आणि दादा ज्या चित्रकथेवर जीव टाकायचो, त्या 'दामू तांडेल'चा ॲनिमेशन पिक्चर आलाय. दामू हा खलाशी पोरगा, बोंबल्या त्याचा कुत्रा आणि दोघांचं एक गळकं होडकं. महिनाभर मी ओवीचं डोकं खाल्लं होतं… बघच तू, बघच तू.

टीव्हीवर पिक्चर लावला आणि पाचव्या मिनिटाला माझं तोंड वाकडं झालं. आमचा काळाकुळकुळीत बोंबल्या चक्क गोरापान, निळ्या डोळ्यांचा! होडकं असं चकचकीत की आत्ताच शोरूममधून आणलंय. मी दर सीनला "असं नव्हतंच" म्हणत होते आणि ओवी मला गप्प करत होती.

मग वादळ आलं, बोंबल्या लाटेत वाहून गेला. ओवी हमसून हमसून रडायला लागली. मी म्हटलं, अगं वेडे, येतो तो परत, शेपटीला खेकडा लटकवून येतो, मी वाचलंय ना! आणि… दामू धक्क्यावर एकटाच उभा, वर नावं सुरू. संपला पिक्चर!

"तू खोटं बोललीस," एवढंच म्हणाली ती आणि आत गेली. जेवलीही नाही धड.

माझं टाळकंच सटकलं. कॉमिक्सवाल्यांच्या एका ग्रुपवर लांबलचक पोस्ट ठोकली… शेवट बदलायचा अधिकार यांना दिला कोणी? तासाभरात उत्तरं आली. ताई, पुस्तकातही असंच आहे. एकाने तर शेवटच्या पानाचा फोटोच टाकला. रंगीत पान, धक्का, दामू एकटा.

मी तो फोटो मोठा करकरून बघितला. मला आठवणारी शेवटची दोन पानं निळी होती हो! सगळं चित्र निळ्या रेघांत. लहानपणी मला वाटायचं, समुद्र आहे म्हणून मुद्दाम निळं केलंय… काय डोकं लावलंय चित्रकाराने!

डोंबिवलीला दादाला फोन लावला. शेवट आठवतो का, एवढंच विचारलं. "खेकडा होता ना शेपटीला," तो म्हणाला. चला, म्हणजे मी एकटी वेडी नव्हते. मग ट्यूब पेटली… आम्ही दोघांनी वाचलेली प्रत एकच. पेडणेकर काकूंच्या लायब्ररीतली.

मुलुंडला आमच्या जुन्या चाळीत, जिन्याखालच्या खोलीत काकू मुलांची लायब्ररी चालवायच्या. चाळ पाडली, टॉवर झाला आणि काकू आता त्याच जागी चौदाव्या मजल्यावर असतात. शनिवारी ओवीला घेऊन गेले. ती लिफ्टमध्येसुद्धा हाताची घडी घालून उभी होती.

निळ्या पानांचं विचारलं तर काकू आधी खुदकन हसल्या. म्हणाल्या, "गो बाय, शेवटची पानं नव्हतीच त्याला. रद्दीच्या गठ्ठ्यात आलेलं पुस्तक ते." पोरं शेवटाला पोचली की दारात येऊन बोंबाबोंब करायची, पुढे काय झालं, पुढे काय झालं. मग एका दुपारी काकूंनी बॉलपेन घेतलं आणि दोन पानं स्वतःच काढून चिकटवून टाकली.

मी म्हटलं, आम्हाला कधी सांगितलं का नाही? तर म्हणे, कोणी विचारलंच नाही.

आणि मग, पदराला चष्मा पुसत, काकूंनीच मला विचारलं, "पण खरं काय होतं गो शेवटी?"

तीस वर्षं त्या बाईला माहीतच नव्हतं! ऐंशीच्या काकूंना काय सांगू… तेवढ्यात ओवीने सांगून टाकलं, "मरतो तो, आजी."

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, दाखव. मी फोनवर शेवटची दहा मिनिटं लावली. काकूंनी फोन नाकाशी धरून सगळं बघितलं, नावंसुद्धा. आणि भडकल्या! "मेल्यांनू, कुत्र्याक कित्याक मारल्यात?" मग ओवीकडे वळून, "श्शी! त्यापेक्षा माझा बरा होता."

ओवी पहिल्यांदा हसली. हाताची घडी सुटली. म्हणाली, मला दाखवा ना तुमचा. पण पुस्तक कुठलं दाखवणार… चाळ रिकामी करताना सगळी लायब्ररी रद्दीत गेली होती.

काकू म्हणाल्या, पेन दे. निळंच दे.

लाट आली, धक्का आला, दामू आला. मग बोंबल्या, काळाकुळकुळीत, पेन दाबून दाबून भरलेला. शेपटीला खेकडा. ओवीने खेकड्याचे पाय मोजले, "आजी, सहाच काढलेत." काकू म्हणाल्या, "शेपटी धरायला पुरतात तेवढे."

परत येताना रिक्षात ओवी ते दोन कागद मांडीवर धरून बसली होती. मुलुंड स्टेशन आलं. मग माझ्या दंडाला डोकं टेकून म्हणाली, "सॉरी आई. येतो तो परत."



ग्रुपवरची माझी पोस्ट मी काढलेली नाही. खाली फक्त चूक कबूल केली आणि त्या दोन निळ्या पानांचा फोटो टाकला… दामू तांडेल, मुलुंड आवृत्ती.

काकू, तुम्ही फेसबुकवर नाही, माहितीये. तरी थँक्यू. आमच्या अख्ख्या चाळीत एकाही पोराला त्या कुत्र्यासाठी रडू दिलं नाहीत तुम्ही.