जाळायचा नाही, पुरायचा कोळसा

"राजवाडा सोडून मैसूरला कोळसा बघायला?" नवरा म्हणाला. म्हणू दे! माझी मामेबहीण नेत्रा बेंगळुरूची नोकरी सोडून मामांच्या मोगऱ्याच्या मळ्यात कोळसा पुरत होती. गेल्या वर्षी झाडं पिवळी पडली. मामांनी बजावलं, "या हंगामात फुललं नाही, तर गप नोकरीला जायचं." पोरीच्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं ना!

पुण्याहून बेंगळुरूपर्यंत बस, पुढे रेल्वे. तिकीट आधीच काढा, नाहीतर दारात उभं राहाल. सरस्वतीपुरमला मामांच्या घरी पोचले तर मामी दारातच, "अय्यो, किती वाळलीस गं! ऊटा झाला काय?" ऊटा म्हणजे जेवण. कोपऱ्यावरच्या हॉटेलात लाल चटणीचा, लोणी घातलेला मसाला डोसा मिळतो. मी दोन खाल्ले, लाजायचं काय त्यात!

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी नंजनगूडच्या बसने मळ्यावर गेलो. नेत्रा खड्ड्यात घाणेरीची वाळकी झुडपं जाळत होती. पुरती राख व्हायच्या आत तिने पाणी ओतलं.

"झाड हवेतला कार्बन ओढून घेतं," ती म्हणाली. "कुजलं की तो परत हवेत. कोळसा करून पुरला की शेकडो वर्षं मातीत."

"मग गेल्या वर्षी काय बिघडलं?"

"कोरडाच घातला की! त्यानं मातीतलं खत स्वतःच शोषलं. रंगाऱ्याच्या घरातली असून मला कळू नये?"

मामांचे आजोबा कापड रंगवायचे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं, मगच रंग धरतो. नेत्राने यंदा कोळसा गोमूत्रात, शेणाच्या पाण्यात मुरवला होता. पिंपाजवळ जाल तर नाक दाबून जा.

मामांनी कोळशासाठी तिला अर्धाच मळा दिला होता. ते त्यात शिरले. पानं बाजूला केली. कळ्याच कळ्या!

"नोडू, बघ," ते मला म्हणाले. नेत्राचे डोळे भरून आले. मग लगेच मामा तिला म्हणाले, "एक हंगाम बरा आला म्हणून सुम्ने, उगीच नाचू नको."

मला रागच आला. "मामा, कौतुक करायला जीभ झिजते का?" ते हसले आणि पुढच्या झाडाकडे वळले.

आता पुण्यात आहे. एका मळ्याने जगाची हवा निवळणार नाही, एवढं मलाही कळतं. पण चिडचिड करत बातम्या बघणारी मी, परवा कुंडीत मुरवलेला कोळसा घालून बसले. बरं वाटलं, खरंच.

काल मामांचा फोन आला. "नेत्राला सांग, उरलेल्या अर्ध्यातही घाल म्हणावं. मी कसा सांगू? गेल्या वर्षी फार बोललो तिला."

"मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

मग त्यांनी तिकडेच हाक मारलेली ऐकू आली, "नेत्रा, इकडं ये गं जरा."