दिवाळीला आलेली कावेरी

जे. पी. नगरात मी ज्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, त्या घराच्या मालकीण म्हणजे महानंदाकाकू. मूळच्या खानापूरकडच्या. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बेंगळुरूला आल्या. नवरा, बसवंतकाका, एका कारखान्यात लेथवर काम करायचे. आज जिथे दुकानांची रांग आहे तिथे तेव्हा नुसता माळ होता, आणि त्या माळावर काकांनी छोटीशी साइट, म्हणजे घरापुरती जागा, घेऊन खाली दोन खोल्या बांधल्या. पुढे तो कारखाना बंद पडला, तेव्हा काका निवृत्त होईपर्यंत रोज होसकोट्याला कामाला जात राहिले. काकू घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायच्या. अजूनही करतात. मशीनवर पाय चालू ठेवूनच माझ्याशी बोलतात, अर्धं मराठी, अर्धं कन्नड.

मी पुण्याची. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आले, तेव्हाच काकांना विसरायला होऊ लागलं होतं. आधी किल्ली, मग घराकडे येणारी गल्ली, मग माणसं. मला ते रोज नव्याने विचारत, "तुम्ही कुणाच्या?" आणि संध्याकाळचे पाच वाजले, की काकूंना विचारत, "कावेरी आली का कॉलेजातून?"

कावेरी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. ती कॉलेजातून येण्याचे दिवस केव्हाच सरले होते. शाळेत शिकवायला लागल्यावर तिने आनेकलच्या नागराज नावाच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. काकांनी तिला दारातूनच सांगितलं होतं, "पुन्हा हा उंबरा चढायचा नाही." त्याला अकरा वर्षं झाली होती. आनेकल इथून बसने दीड तासावर आहे. ती आली नाही आणि यांनी बोलावलं नाही. काका घरी नसताना काकू चोरून फोन करायच्या. नात झाली, दिव्यश्री, तेव्हा देवळात जाते असं सांगून एकदा बघून आल्या होत्या, तेवढंच.

काका ते भांडण विसरले असं काकूंना वाटायचं; पोरगी मात्र विसरले नव्हते. काकूंनी एकदा फोनवर कावेरीला ते सांगितलं. "ये गं एकदा. त्यांना आता काही आठवत न्हाई."

कावेरी म्हणाली, "त्यांना विसरायला झालं, म्हणून मी पण विसरू का?"

हे काकूंनीच मला सांगितलं, फॉलचा दोरा दाताने तोडताना. सांगून पुन्हा मशीन सुरू केलं.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत सगळ्यांनाच फोटोंचं वेड लागलं होतं. साधा फोटो ॲपमध्ये टाकायचा, काय हवं ते दोन ओळींत लिहायचं, की मिनिटभरात माणूस पैठणी नाहीतर फेटा लेवून शेकडो दिव्यांच्या मधोमध उभा. मी हौसेने बऱ्याच जणांना करून दिले. समोरच्या विमलाक्कांना नथ घातलेला फोटो इतका आवडला, की त्या नातेवाईकांना खरा म्हणूनच पाठवू लागल्या.

एका दुपारी काकू धापा टाकत जिना चढून वर आल्या. पदराखालून तीन फोटो काढले. त्यांचा, काकांचा, आणि कावेरीचा, लग्नाच्या आदल्या वर्षीचा.

"आम्हा तिघांचा करून दे की, मुग्धा. दिवाळीचा. जमतंय?"

"जमतं की. पण कावेरीचा हा फोटो जुना आहे, काकू."

"मग वय स्वल्प वाढव. आता सदतिशीची आहे ती."

मी तसं लिहिलं. ॲपने चित्र काढून दिलं: दारात आकाशकंदील, पुढे रांगोळी, काका-काकू खुर्च्यांवर आणि दोघांच्या मागे कावेरी, तांबड्या इरकलीत, एक हात वडिलांच्या खांद्यावर. चेहरा भरलेला, तुकतुकीत. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग फोनच्या काचेवरून कावेरीच्या गालावर बोट फिरवलं. बोट लागताच चित्र सरकलं आणि त्या दचकल्या.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठी प्रिंट काढून, फ्रेम करून मीच आणून दिली. मला वाटलं होतं, काकू ती कपाटात ठेवतील. त्यांनी टीव्हीशेजारी ठेवली.

पाडव्याच्या सकाळी काकांची नजर तिच्यावर गेली. मी फराळाचं ताट द्यायला खाली गेले होते, म्हणून तिथेच होते. ते उठले, फ्रेम हातात घेतली.

"कधी आलती ही?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगायला तेवढाच एक क्षण होता. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "दिवाळीला आलती की."

काका हसले. त्या दिवशी चार वेळा जेवले आणि येईल त्याला सांगत सुटले, "आमची कावेरी येऊन गेली."

तिसऱ्या दिवशी ते हसू गेलं. फ्रेम मांडीवर घेऊन बसले होते. "हा मीच हाय न्हवं? तिच्या पुढ्यात बसलोय. मग मला आठवत का न्हाई?" काकू काही बोलेपर्यंत त्यांनी कपाळावर मूठ मारून घेतली. "काय बोललो मी तिच्याशी? वाईट काही बोललो न्हाई न्हवं?"

"न्हाई हो. डोक्यावर हात ठेवलासा तिच्या."

"आणि?"

"आणि... जेवून जा म्हणालासा."

ते शांत झाले. तासाभराने पुन्हा तोच प्रश्न. काकू रोज नवीन काहीतरी रचत. तिला लाडू दिलात, तिच्याकडून पाणी मागितलंत, ती पाया पडली. जी भेट झालीच नव्हती ती सांगून सांगून काकूंचा आवाज बसला. एकदा न राहवून त्यांनी खरं सांगितलं, "अहो, ते फोनमधल्या मशीननं काढलेलं चित्र आहे." काकांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "तू हाकललीस तिला," ते म्हणाले. "मी झोपलो असेन आणि तू हाकललीस."

त्यानंतर त्यांनी दुपारचं झोपणं सोडलं. ऊन असो नसो, फाटकापाशी स्टूल टाकून बसू लागले.

कार्तिकातल्या एका रविवारी मी आणि काकू बसने आनेकलला गेलो. विमलाक्का काकांपाशी बसल्या होत्या. कावेरीचं घर एका अरुंद बोळात पहिल्या मजल्यावर होतं. दार तिनेच उघडलं. बारीक अंगाची, चष्मा लावलेली, कानशिलांपाशी केस पांढरे झालेले. मी केलेल्या चित्रातल्या बाईशी तिचं काहीच जुळत नव्हतं.

काकूंनी रडत रडत सगळं सांगितलं. कावेरीने माझ्या फोनवर चित्र पाहिलं. मग म्हणाली, "यात नागराज कुठे आहे? माझी दिव्यश्री कुठे आहे?"

काकूंनी वाकून चित्राकडे पुन्हा पाहिलं.

"मशीनला पण तू माझं लग्न झालं म्हणून सांगितलं नाहीस, आई."

मला वाटलं, आता ही आम्हाला जा म्हणेल. तिने चहा केला. नवऱ्याशी आत जाऊन काहीतरी बोलली. आम्ही निघताना म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. एकटीच."

त्या आठवड्यात काकूंचे पाय जमिनीवर नव्हते. घर धुतलं, पडदे बदलले, काकांची दाढी करून घेतली. कावेरी आली तेव्हा अकरा वाजले होते. काका फाटकापाशी स्टुलावर होते. मी जिन्यात उभी होते, उघड्या दारातून आतलं दिसेल अशी.

ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. काका लगबगीने उठले आणि हात जोडून कन्नडमध्ये म्हणाले, "बन्नी, बन्नी. या, बसा." या घरात नुसतं कन्नड बोलायचे ते परक्या माणसाशी. कावेरीचा चेहरा उतरला, पण ती आत जाऊन बसली.

"कुणाकडे आलात?" त्यांनी विचारलं, कन्नडमध्येच. तीन वर्षांत तेवढं कन्नड मला समजू लागलं होतं.

कावेरी मराठीत म्हणाली, "अप्पा, मी कावेरी."

काका ओशाळवाणं हसले. बाईची काहीतरी गफलत होतेय, असं. टीव्हीशेजारची फ्रेम आणून तिच्या हातात दिली. "कावेरी ही. माझी मुलगी." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा चेहऱ्याकडे. लेथवरून उतरलेला सुटा भाग ड्रॉइंगशी ताडून बघावा, तसं. आणि मान हलवली. नाही.

काकू पुढे झाल्या. "अहो, नीट बघा तरी! हीच की आपली..." कावेरीने हात वर करून त्यांना थांबवलं.

काका तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले. "तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. एक." आता तीही कन्नडमध्ये बोलली.

"तिला कधी घराबाहेर काढू नका. मी काढलं होतं. चूक माझी होती. खूप रात्री गेल्या, पण तिला बोलव म्हणायला तोंड उघडलं नाही." त्यांनी फ्रेमवर हात ठेवला. "पण पोरगी मोठ्या मनाची. आपण होऊन आली दिवाळीला. खांद्यावर हात ठेवला माझ्या. बघा."

कावेरी बघत होती. चष्मा काढून तिने पदराला पुसला, पुन्हा लावला. म्हणाली, "हो. दिसतोय हात."

मग त्यांनी आग्रह केला म्हणून पाहुणीसारखा एक लाडू खाल्ला आणि उठली. जिन्यापाशी माझ्याजवळ थांबली. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं." ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? अकरा वर्षं मी त्यांच्या तोंडून जे ऐकायला थांबले होते, ते आज ऐकलं. पण ते मला सांगितलेलं नव्हतं."

संध्याकाळी मी ती फ्रेम उचलून वर आणली. काकांनी घरभर शोधलं, पलंगाखाली शिरून शोधलं, मग लहान मुलासारखं रडायला लागले. रात्रीच्या आत मी ती परत नेऊन ठेवली.

कावेरी त्यानंतर चार वेळा आली. ती शाळेत शिकवते एवढं कळल्यावर काका तिला 'टीचरम्मा' म्हणू लागले. माघात त्यांना न्युमोनिया झाला. दवाखान्यात दोन दिवस तीच त्यांना चमच्याने पेज भरवत होती. ते नर्सला सांगत, "या बाई आमच्या कुणी नाहीत, पण बघा कसं करतात." तिसऱ्या पहाटे गेले.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी मी खाली गेले, तर मशीन बंद होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "त्यांनी हाकललं, त्यांनी हाकललं, असंच सांगत आले मी सगळ्यांना. त्या दिवशी ते बोलून आत निघून गेलते, मुग्धा. पोरगी दारातच उभी होती. माझ्याकडं बघत होती. दार मी लावलं."

रस्त्यावरून नारळपाणीवाला ओरडत गेला.

आता दर रविवारी त्या एकट्या बसने आनेकलला जातात. नातीचे फ्रॉक शिवून नेतात. नागराज त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला येतो, दिव्यश्री अज्जी म्हणते. कावेरी जेवायला वाढते, तब्येत विचारते. राहा असं अजून म्हणालेली नाही. काळोख पडायच्या आत काकू परत येतात.