जावक रजिस्टरमध्ये चढलेलं मुकादमसाहेबांचं पाकीट

मुकादमसाहेब काल गेले, आणि ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर सगळ्यात आधी हात जोडले ते त्यांचा पेपर स्वतःच्या नावावर खपवणाऱ्याने.

"माझा उजवा हात गेला," असं लिहिलंय.

वा रे वा! बरोबरच आहे म्हणा. लिहायचा तो हात, खाली सही तुमची.

मी तिथे काही टाकलं नाही. इथे लिहितेय. ज्याला राग यायचाय त्याला खुशाल येऊ दे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बेलापूरला आमचं छोटंसं सरकारी ऑफिस, किनारा आणि मासेमारीचं काम बघणारं. मी तिथल्याच दिवाळे गावची, कोळ्याची पोरगी, जावक टेबलावर नुकतीच लागलेली क्लार्क. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर टाकायचा आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची, हे माझं काम.

मुकादमसाहेब ज्युनिअर ऑफिसर. उरणकडचे, कोकणी मुसलमान.

एक दिवस परदेशातून सर्क्युलर आलं. समुद्राचा कारभार कसा चालवायचा, कायदे कसे करायचे, कुणाचा हक्क कुठपर्यंत, याचं दहा आठवड्यांचं ट्रेनिंग. आपल्यासारख्या गरीब देशांतल्या अधिकाऱ्यांसाठी फेलोशिप. अट एकच, आपल्या किनाऱ्याचा अभ्यास अर्जासोबत जोडायचा.

साहेबांचा अभ्यास तयारच होता. चार महिने रोज ऑफिस सुटलं की दिवाळ्याच्या जेट्टीवर. बायकांमध्ये बसून लिहून घ्यायचे.

माझ्या आईने जुन्या कॅलेंडरच्या मागे कोळशाने खाडीचा नकाशा काढून दिला होता.

"लिव सायबा. हितं पयले चिंबोरी हातानं मिलायची. आता भराव टाकलाय, खारीचा तोंडच बंद केलाय."

"लिहितोय मावशी. हे मी तिकडे सगळ्या देशांच्या लोकांना दाखवणार."

"मंग भराव काडतील?"

"ते नाही सांगता येत. पण तुमचं म्हणणं पोचेल. ते माझ्याकडे लागलं."

अर्ज जायचा थ्रू प्रॉपर चॅनेल. म्हणजे मोठ्या साहेबांच्या शिफारशीने. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. तीन आठवडे नुसतं "बघतो, बघतो."

शेवटची तारीख जवळ आली तेव्हा मुकादमसाहेबांनी अॅडव्हान्स कॉपी तयार केली. मूळ अर्ज अडकला तर एक प्रत थेट पाठवायची, सगळीच सरकारी माणसं करतात. पाकीट माझ्याकडे दिलं.

"तिकिटं मी लावलीत. घरी जाताना पोस्टात टाकशील?"

"टाकते सर."

आणि मी शहाणीने काय करावं? खासगी टपाल ते, तरी त्यावर जावक नंबर टाकला. रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात नोंद केली, नाव, पत्ता, विषय सगळं.

हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी दम दिला होता, "नंबर न पडता कागद बाहेर गेला तर नोकरी गेली समज." तेवढंच डोक्यात बसलं होतं.

रजिस्टर संध्याकाळी मोठ्या साहेबांकडे सहीला जायचं. ते गेलं. पाच मिनिटांत शिपाई पाकीट मागायला आला. मी दिलं.

केबिनचं दार उघडंच होतं.

"मला डावलून जाताय, मुकादम? आणि व्हिसाचं तुमच्या लोकांचं सध्या कसं असतं, माहितीये ना? दिवस बरे नाहीत. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"बरं सर," एवढंच ऐकू आलं.

दोन दिवसांनी अर्ज गेला. मोठ्या साहेबांचा. सोबत दिवाळ्याचा अभ्यास, वरचं नाव बदलून. त्यावरही नंबर मीच टाकला.

दहा आठवड्यांनी ते आले. नवा कोट, चॉकलेटं, आणि ऑफिसात स्लाइड शो. प्रोजेक्टर लावायला मुकादमसाहेबांनाच सांगितलं. तिसरीच स्लाइड आईच्या नकाशाची. खाली मोठ्या साहेबांचं नाव.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चॉकलेटही खाल्लं.

नंतर त्यांना प्रमोशन मिळालं, ते गेले. खाडीचं तोंड होतं तसंच बंद राहिलं.

त्या दिवसांत मुकादमसाहेब एकदा माझ्या टेबलाशी थांबले होते. मी नंबर टाकत होते.

"नियमाने करतेस ते चांगलं करतेस. सोडू नकोस."

मी खूश झाले. कौतुक केलं असं वाटलं. पाकीट पकडलं गेलं कसं, ते त्यांना ठाऊक नाही, अशीच माझी समजूत होती. सांगायची हिंमत मला कधी झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करत ते रिटायर झाले, मीही झाले.

काल मातीला जाऊन सगळे परतल्यावर भाभींनी एक फाईल हातात ठेवली. "दिवाळ्याची आहे, तुलाच द्यायला सांगितली होती."

आत आईचं कॅलेंडर. आणि ते खाकी पाकीट, तिकिटं लावलेलं, पोस्टाचा शिक्का न पडलेलं.

कोपऱ्यात निळ्या शाईत जावक नंबर. माझं अक्षर.

म्हणजे मोठ्या साहेबांनी ते त्याच दिवशी मुकादमसाहेबांच्या अंगावर फेकलं असणार. म्हणजे पाकीट कुणामुळे पकडलं गेलं, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. अहो साहेब, एकदा तरी ओरडायचं होतं हो माझ्यावर! चार शब्द सुनावले असते तर मी तिथेच पाय धरले असते. इतकं चांगलं वागून काय मिळवलंत?

आज फाईल आईपुढे ठेवली. आता तिला नीट दिसत नाही. कागदावरून बोट फिरवत म्हणाली, "माजाच हाय. मुकादमानं पोचवला व्हता ना?"

इतकी वर्षं मी तिला "हो" सांगत आले होते.

आज सांगितलं. "त्यानं पाठवला होता, आये. मी अडकवला."

ती पाकीट मांडीवर घेऊन बसलीये अजून.

मुकादमसाहेब, चूक माझी होती. सलाम.